मोकळा इलेक्ट्रॉन

दोन हजार एक साली पल्लवी आहेर गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये बारावीला सेंद्रिय रसायन शिकवायची. क्लास खैरनार सरांचा. त्या दिवशी सरांचा तास लांबला, म्हणून ती मागच्या बाकावर येऊन बसली.

सर रासायनिक बंध शिकवत होते. "सोडियम म्हणजे मुलीचा बाप," तोंडातला पानमसाला गालात सारत ते म्हणाले. "एक इलेक्ट्रॉन जड झालाय. क्लोरीनच्या गळ्यात बांधला की सुटला!"

पोरं खिदळली. पल्लवीच्या कपाळावर आठी आली.

"आता सहसंयुज बंध. इलेक्ट्रॉन दोघांनी मिळून वापरायचे. गोदाकाठच्या जोडप्यांसारखं." पुन्हा हशा. "आणि धातूतला इलेक्ट्रॉन? तो एकाचा नसतो. मीना गावित, उभी राहा!"

मीना पेठ तालुक्याकडची, आदिवासी वसतिगृहात राहणारी. ती ओढणी सावरत उभी राहिली.

"ही इलेक्ट्रॉन समजा. कुणाची?"

"सगळ्यांची!" मागून कुणीतरी ओरडलं. सर हसले. त्यांचे ते पिवळे दात बघून पल्लवीला किळस आली. सगळ्या खोलीलाच घाण वास सुटल्यासारखं वाटलं.

ती तरातरा पुढे गेली. "मीना, खाली बस. सर, तुमचा तास संपलाय."

केबिनमध्ये सर कचऱ्याच्या डब्यात थुंकले. "उदाहरण होतं, मॅडम. पोरांच्या लक्षात राहतं."

"काय राहतं? मिठात जोडपी नसतातच. एका सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि एका क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात. हे तुम्हालाही माहीत आहे."

"मग?"

त्या 'मग'ची तिला जास्त किळस आली. माणूस अडाणी असता तर निदान समजावता आलं असतं.

"सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागा."

"त्या पोरीची? उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

पल्लवी दुसऱ्या दिवशी गेली नाही. क्लास बिनबोभाट चालू राहिला. मीनाने मात्र तो सोडला आणि रविवारी ती पल्लवीच्या इंदिरानगरच्या घरी येऊ लागली. सुरुवातीला पुस्तकातलं ते बंधांचं प्रकरण ती उघडूच देत नव्हती.

"नको मॅडम, ते राहू द्या."

मग एकदा पल्लवीने तांब्याची तार तिच्या हातात दिली. "वाकव. तुटली का?"

"नाय."

"अणू जागचे सरकले, पण सुटले नाहीत. त्यांच्यामधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी त्यांना धरून ठेवलंय. ते नसतील तर तार राहणारच नाही."

मीनाने तार पुन्हा वाकवली, सरळ केली. "त्यांनी हे सांगितलंच नाय," ती म्हणाली.

बारावीला तिला रसायनात वर्गातल्या बहुतेक पोरांपेक्षा जास्त गुण पडले. पल्लवी पेढे घेऊन वसतिगृहावर गेली, तेव्हा मीना कॉलेजचा अर्ज भरत होती. विषय लिहिला होता भूगोल.

"अगं, रसायन का नाही?"

"समजतं मॅडम, सगळं समजतं." मीनाने मान वर केली नाही. "पण धातू म्हटलं की ते हसणं कानात येतं. तीन वर्षं कोण ऐकणार?"

 पल्लवीने एक पेढा मीनाच्या हातावर ठेवला. तिला स्वतःला मात्र खाववेना.