बाजरीतली ठेव

चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, तपकिरी, एका कडेला दातऱ्या पडलेला, आणि त्याच्या चिकट अंगाला बाजरीचे चार-दोन दाणे... जुईच्या फ्रॉकच्या मागच्या घेराला तो कधीपासून लटकत होता कोण जाणे. मोहिनीनं तो ओढून काढला, दाणे बोटाला टोचले, आणि उन्हाकडे धरून पाहिलं तर पट्टीवर पार्सल पाठवणाऱ्या त्या ऑनलाइन कंपनीच्या नावाची शेवटची निळी अक्षरं उमटलेली – आणि त्याच क्षणी, काही संबंध नसताना, जिन्याखालच्या गारव्यातलं, तळमजल्यावरच्या कुसाबाईचं वाक्य कानाशी आलं : "माझ्याकडं कोणाचं काही ठेवत जाऊ नका माय आता. माझं ध्यान ऱ्हात नाही." कधी म्हणाली होती ती हे? उन्हाळ्यात. मोहिनीच्या हातात दुधाची पिशवी होती, कडेवर जुई पेंगत होती, आणि ती हसली होती. "काहीतरीच, आजी! अख्ख्या बिल्डिंगमधल्या पोरांचे वाढदिवस तुम्हाला पाठ, आणि म्हणे ध्यान राहत नाही." कुसाबाईही हसली होती... हसली होती ना? की नुसतीच पाहत राहिली होती, आपलं बोलणं जिथे पोचायला हवं तिथे पोचलं नाही हे कळलेल्या माणसासारखी?

पण आज हे आठवायचं कारण नव्हतं. आज दिवस जिंकलेला होता. सकाळीच, पोहे परतताना, फोनवर तो निरोप आला होता – आपली रक्कम आपल्या खात्यात परत करण्यात आली आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत – आणि मोहिनीनं झारा हातात तसाच धरून तो मोठ्यानं वाचून दाखवला होता, एकदा योगेशला आणि एकदा, गंमत म्हणून, जुईला. योगेश लासलगावला निघायच्या घाईत होता; तिथे एका कांदा व्यापाऱ्याकडे तो हिशेब बघतो, आणि धुतले तरी त्याच्या शर्टांना कांद्याचा वास असतोच. बूट घालता घालता तो म्हणाला, "तुला एकदा लिलावात आणून उभी करतो. सगळे व्यापारी ट्रॅक्टर सोडून पळतील." ती म्हणाली, "पळू देत. मी न घेतलेल्या वस्तूचे पैसे मी का सोडू?"

आणि खरंच, सोडले नव्हते. आधी ॲपवरचं ते आपोआप उत्तर देणारं यंत्र – आपलं पार्सल पोचलेलं आहे, आपलं पार्सल पोचलेलं आहे – मग त्याला कंटाळून मागितलेलं खरं माणूस, मग त्या माणसाचा वरिष्ठ. हिरव्या अक्षरांत 'डिलिव्हर्ड' लिहिलंय म्हणून वस्तू घरात येत नाही, हे तिनं प्रत्येकाला नव्यानं समजावलं होतं, आवाज न चढवता, रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं, मुद्द्याला मुद्दा. पुरावा म्हणून त्यांनी पाठवलेल्या फोटोत एक उंबरा, रांगोळीची कड आणि फोटो काढणाऱ्याचंच धुरकट बोट. पार्सल कुठाय यात? पार्सल आणणारा इमरान मात्र एकच सांगत राहिला – तो या भागात नेहमीचाच, सगळ्यांना ताई-भाऊ म्हणणारा – "ताई, तुम्ही वर फोन उचलला नाही, म्हणून खालच्या आजींकडं दिलं. आजी बोलल्या, ठेवते. कसम से." आणि कुसाबाई, दारात उभी राहून, सरळ डोळ्यांत बघून म्हणाली होती, "नाही गं माय. कोणी आलंच नाही."

मग प्रश्न मिटला होता. कुसाबाई खोटं बोलत नाही. हे वाक्य मोहिनीनं वरिष्ठाला दोनदा ऐकवलं, आणि तिसऱ्यांदा ऐकवायची गरज पडली नाही. "ठीक आहे, मॅडम. पार्सल हरवलं असं नोंदवतो. संबंधित डिलिव्हरी पार्टनरवर नियमानुसार कारवाई होईल." त्या वेळी हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. आत, बरगड्यांच्या मागे कुठेतरी, चहाच्या पहिल्या घोटासारखं बरं.

चिकटपट्ट्या काय, सगळीकडे असतात. या इमारतीत रोज कोणाचं ना कोणाचं खोकं येतं... पण बाजरी? बाजरी कोण खातं इथे, कुसाबाईशिवाय? जुई आत्ता कुठून आली? – खालून. रोज सकाळी तासभर ती कुसाबाईकडे असते, सवय म्हणून, कारण सोमवारपासून ती दिवसभर तिथेच असणार आहे. सोमवारी मोहिनी सातपूरच्या औषध कंपनीत, प्रयोगशाळेत, रुजू होणार – जुई पोटात असताना सुटलेलं काम, तेच टेबल नसेल पण तोच वास, तेच पांढरे कोट, चुकलं तर चुकलं आणि बरोबर तर बरोबर असं स्वच्छ जग. आणि जुईला कुसाबाई सांभाळेल. चार नातवंडं वाढवलेली बाई. सटाण्याकडच्या तिच्या मुलानं, गोरक्षनं, इथे फ्लॅट घेतला तो त्याच्या पोरांच्या शिक्षणासाठी. पोरं शिकून पांगली, आणि म्हातारी फ्लॅटबरोबर राहून गेली. तिच्यावर विश्वास नाही असं नाही – विश्वास आहेच, नाहीतर पोटची पोर कोण देईल – पण विश्वास वेगळा आणि खात्री वेगळी, नाही का? म्हणून तर तो कॅमेरा मागवला होता.

हो. हरवलेल्या खोक्यात कॅमेरा होता. लिंबाएवढा, पांढरा, कुठेही ठेवा आणि फोनवर बघा. कुसाबाईच्या देवांच्या फळीवर, समईच्या मागे, तो छान लपला असता. रात्रीचा दिवा आहे, आजी, असं सांगायचं ठरवलं होतं. हे ठरवताना तिला काही वाटलं नव्हतं. आज सगळ्याच आया ठेवतात. पण आता, पट्टीचा तुकडा बोटावर चिकटलेला असताना, तिला एकदम ते चित्र दिसलं – जिच्यावर नजर ठेवायची, तिच्याच हातात इमराननं ती नजर, नीट खोक्यात बंद करून, नेऊन दिली असेल तर?

नमुना घेतल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असं प्रयोगशाळेत शिकवतात. तिनं जुईला कडेवर घेतलं आणि ती जिना उतरली.

दार उघडंच होतं, नेहमीसारखं. उंबऱ्याशी रांगोळीची कड, फोटोतली तीच. कुसाबाई जमिनीवर पाय पसरून सुपात बाजरी पाखडत होती, बांगड्यांचा आवाज सुपाच्या तालावर. "आलीस? बस. चहा ठेवते."

"नको आजी, आत्ताच घेतला."

"असा कसा घेतला?" ती उठली, चहा ठेवला, दोघी प्यायल्या. बशी खाली ठेवली तोच तिनं पुन्हा पातेल्याकडे हात केला. "चहा घेशील ना, माय? बाहेरून आलीस."

मोहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे, ओट्याखाली, ताट झाकून सारून ठेवलेल्या पातेल्याकडे, ज्याचा तळ जळून कोळसा झालेला ताटाच्या कडेतून दिसत होता. किती दिवस जुनं? हे असं इथे आधीही असेल, आणि आपण – बघणारी, पाळण्याच्या दोऱ्या रोज ओढून पाहणारी, दूध मनगटावर टाकून बघणारी आपण – रोज या दारातून पोरगी आत सोडून परत गेलो...

"बाजरी एवढी कशाला, आजी?"

"गोरख्या येतोय ना आज. त्याला गव्हाची पोळी चालत नाही, भाकरीच लागते. डब्यातली काढायची राहिली अजून. हात पुरत नाही बघ तळाला."

गोरक्ष मागच्याच आठवड्यात येऊन गेला होता. जिन्यात भेटला होता. "मी काढून देते," मोहिनी म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला फार शांत वाटला.

कोपऱ्यात कमरेएवढा पत्र्याचा डबा. झाकण काढल्यावर कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा कडवट वास. तिनं हात घातला, कोपरापर्यंत. दाणे गार, पाण्यासारखे बाजूला होणारे, पुन्हा जवळ येणारे... आणि मग बोटांना पुठ्ठ्याचा कोपरा लागला. ती चकित झाली नाही. हे तिला नंतरही पुन्हा पुन्हा आठवायचं होतं, की ती चकित झाली नव्हती.

खोकं बाहेर आलं, त्याच्यावरून बाजरी ओघळली. एका टोकाची पट्टी फाटलेली. त्याच्यापाठोपाठ, दाण्यांतून वर तरंगून आल्यासारखा, एक छोटा लाल बूट. जुई कडेवरून ओरडली, "लप्पाछप्पी!" – तिला माहीत होतं, तिला सगळं माहीत होतं, तिच्या लेखी हा खेळ होता. जुईच्या याच हरवलेल्या बुटासाठी त्यांनी अख्खा जिना, गच्ची, पार्किंग पालथं घातलं होतं.

कुसाबाई जवळ येऊन वाकली. खोक्याकडे बघत राहिली. मोहिनीच्या नावाची चिठ्ठी वरच डकवलेली होती, पण कुसाबाईला वाचता कुठे येतं. "कोणाचं गं हे?" ती म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला, अनोळखी शहरात ओळखीची गल्ली लागावी तसा, आणि बोलताना ती थेट सटाण्याकडच्या बोलीत उतरली, 'आहे'चं 'शे' आणि 'माझी'चं 'मनी' करत. "कोणाची ठेव शे ही. लोकांची ठेव उघड्यावर ठेवू नही, माय. मनी सासू दाण्यातच ठेवे. चोर दाणा उपसत नही अन् उंदीर सोनं खात नही." ती हसली. "ठेव परत. ज्याची त्याला देऊ, तो मागाले येईल तव्हा."

आजी, मी मागायला आले होते. तुमच्या या दारात उभी होते. – हे ओठांपर्यंत आलं. पण कोणाला विचारायचं? जिनं नाही म्हटलं होतं ती खोटं बोलली नव्हती. जिनं आत्ता लोकांची ठेव दाण्यात जपायची असते असं सांगितलं, तीही खोटं बोलत नव्हती. फक्त या दोघींची एकमेकींशी गाठ पडत नव्हती. आणि त्या दोघींच्या मध्ये सोमवारपासून जुई बसणार होती, खेळत.

मोहिनीनं खोकं परत दाण्यात ठेवलं. बूटही. वरून बाजरी सारखी केली, पाला पसरला, झाकण लावलं. कुसाबाईनं समाधानानं मान हलवली.

वर येऊन तिनं पहिला फोन कंपनीला केला. "पार्सल मिळालं आहे. पैसे परत घ्या."

पलीकडची मुलगी गोंधळली. "मॅडम, रिफंड झाला की तक्रार बंद होते. सिस्टीममध्ये पार्सल हरवलेलं आहे."

"सिस्टीममध्ये असेल. माझ्याकडे ते हरवलेलं नाही. तक्रार उघडा."

"मॅडम, असा पर्यायच नाहीये. आजपर्यंत कोणी मागितलाच नाही."

"मी मागतेय. आणि डिलिव्हरी करणाऱ्यावरची कारवाई थांबवा, तेही लेखी कळवा. वरिष्ठ ओळखतात मला." हे म्हणताना ती हसली, बऱ्याच वेळानं. मग इमरानला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चला, माझं डोकं ठिकाणावर आहे, ताई. घरी बायको बोलत होती, तूच कुठं विसरलास." मग आवाज उतरला त्याचा. "आजी बऱ्या आहेत ना?"

बऱ्या आहेत ना. हा प्रश्न तिला एवढ्या सगळ्या फोनांत कोणी विचारला नव्हता. तिनं स्वतःही नाही. सगळे विचारत होते खोक्याचं. अख्खी इमारत त्या दारात थांबते ती खोकी न्यायला, चाव्या ठेवायला, आणि जाताना 'येते आजी' म्हणते... 'माझ्याकडं काही ठेवत जाऊ नका' असं ती म्हणाली होती, तेव्हा ती वस्तूंबद्दल बोलत नव्हती.

गोरक्षला फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. "वय झालंय हो ताई, लय मनावर नका घेऊ," तो म्हणाला. मग जळक्या पातेल्याचं सांगितल्यावर त्यानं ट्रॅक्टर बंद केला, आणि येतो म्हणाला. कधी, ते नाही. डॉक्टरांची वेळ मोहिनी घेणारच आहे, तो आला तरी आणि नाही आला तरी. आता तिला भीती वाटत नाही. जे कळलं नव्हतं त्याची भीती वाटत होती. जे कळलं त्याच्याशी दोन हात करता येतात. ती खिडकीत उभी आहे, पट्टीचा तुकडा अजून बोटावर, आणि खाली सुपाचा ताल चालू आहे – गोरख्या येतोय ना आज...

सोमवारी मी, मोहिनी, कामावर जाणार आहे, ते ठरलंय. जुई कुठे असेल ते अजून ठरायचंय. कॅमेरा बाजरीतच राहू दे – बघायचं ते मी कॅमेऱ्याशिवाय बघितलं. पण मी सातपूरला असेन, योगेश लासलगावला, आणि दुपार फार लांब असते. तेव्हा तुमच्यापैकी कोणी गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतून जात असाल, तर तळमजल्यावरचं उघडं दार बघा, उंबऱ्याशी रांगोळी असेल. आत जा. पार्सल आलंय का, असं विचारू नका. ती नाही म्हणेल, आणि ती खोटं बोलत नाही. चहा घ्या. दुसऱ्यांदा ठेवला तर दुसऱ्यांदा घ्या. निघताना गॅस बंद आहे का, तेवढं बघा. आणि तुमचं नाव सांगा तिला – दर वेळी, पहिल्यांदाच भेटतोय असं.