मी शिंकलो नव्हतो

मी माशी बोलतोय. आता माशी म्हटल्यावर 'बोलतेय' म्हणायला हवं, हे मलाही कळतं. पण माझा कणा लोखंडी गळाचा, आणि गळ तो गळ. म्हणजे पहिल्याच वाक्याला घोळ झाला बघा. घ्या सांभाळून.

खरं सांगू? मी कोण, हे मला अजून उमगलेलं नाही. नाव माशी, पण कुणी फेकल्याशिवाय उडता येत नाही. माशाला मी कोळंबी वाटावं म्हणून मला घडवलं, आणि अंगावर घातले हरणाचे केस न् कोंबड्याची पिसं. त्या हरणानं जन्मात कधी कोळंबी पाहिली असेल का?

मला बांधलं व्हर्नाबाईनं. अमेरिकेत, लुइझियानाच्या पार खाली, जिथं जमीन कुठं संपते न् पाणी कुठं सुरू होतं यावरून शेजारी शेजारी भांडतात, तिथं तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की ती नवऱ्यासाठी गळावरच्या अशा खोट्या माश्या बांधत बसायची. हरणाचे केस गळाला आवळून बांधले आणि तिच्या त्याच कात्रीनं कापून गोल केले. कापताना सवयीनं मला म्हणाली, "मान खाली घाल, बाळा." मला मान कुठाय?

मग पोटाखाली ताठ तंतूची एक कमान बसवली, पाण्यातलं गवत अडकू नये म्हणून. तिथंही माझा गोंधळच. ज्याचा जन्म अडकवण्यासाठी, त्यालाच बजावलं की बाबा, अडकू नकोस!

तिचा नवरा ओविड. शहरातल्या हौशी लोकांना मासे धरायला न्यायचा, हाच त्याचा धंदा. चपट्या बुडाची होडी, मागं एक छोटं मचाण, त्यावर हा उभा. लांब बांबूनं तळ रेटत आवाज न करता होडी पुढं न्यायची. पुढच्या टोकाला पाहुणा छडी घेऊन, आणि छडीच्या दोराला मी. पाणी गुडघाभर, आत सगळं गवत. तिथं लाल मासा चिखलात तोंड खुपसून खेकडे शोधतो, तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर हलते. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, थेट डोळ्यासारखा. पुढचं कुठलं न् मागचं कुठलं, कळायला मला फार दिवस लागले.

ओविड मागून दबक्या आवाजात सांगायचा, "अकरा वाजता! लांब नाही!" मला वाटायचं सकाळचे अकरा वाजले. लगेच म्हणायचा, "आता दहा!" म्हणजे या पाण्यात वेळ उलटी चालते की काय? मी घाबरून जायचो. एकदा एका दाताच्या डॉक्टरानं मनगट वर करून पाहिलं न् म्हणाला, "अहो, आत्ताशी साडेआठ होतायत."

"डॉक्टर, घड्याळ खिशात घाला," ओविड म्हणाला. "होडीचं नाक म्हणजे बारा. डावीकडं तिरपं दहा, उजवीकडं तिरपं दोन. मासा तुमचं घड्याळ बघून जेवत नाही."

तेव्हा कुठं मला समजलं.

न समजलेलं मात्र पुष्कळ राहिलं. एवढा खटाटोप करून मासा धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा, वर त्याचा मुका घ्यायचा, आणि सोडून द्यायचा. मुका घ्यायचा होता तर मला त्याच्या ओठात कशाला रुतवलं?

असो. मग ओविडचे डोळे गेले. पूर्ण नाही. समोर पाहिलं की मधोमध धुक्याचा गोळा, कडेकडेनं थोडं दिसायचं. पाहुणे बंद झाले. बहिणीचा मुलगा रेमी म्हणाला, "मामा, होडी नुसती सडतेय. मला विक. शनिवारी गाडी घेऊन येतो." ओविड हो म्हणाला, पण त्या दिवसापासून जेवणात त्याचं लक्ष लागेना.

शेवटी व्हर्नाबाई वैतागली. "चल, मी बांबू धरते. तू पुढं उभा राहा. मी सांगते, तू फेक."

"तू? तुला कोलांट्या खाऊन पाण्यात पडायचंय का?"

"तुझ्यापेक्षा सरळ उभी राहते मी. आयुष्य उभ्यानंच गेलंय माझं."

ओविड म्हणाला, "एक मासा लागला तर होडी राहील. नाही लागला तर शनिवारी रेमीची."

निघालो. वारा नव्हता, पाणी काचेसारखं. बाई हळूच म्हणाली, "दोन वाजता! शेपटी!"

ओविडनं छडी मागं नेली, पुढं आणली, आणि मी दोन वाजता अगदी हलक्यानं उतरलो. वाट पाहिली. काही नाही. शेपटी तर मला भलतीकडंच दिसत होती, होडीच्या त्या अंगाला.

"लागलं का जवळ?" ओविडनं विचारलं.

बाईचा चेहरा पडला होता. पण ती म्हणाली, "थोडक्यात हुकलं."

मी बुचकळ्यात पडलो. थोडक्यात? मासा आणि माझ्यामध्ये अख्खी होडी होती!

मग "दहा!" म्हणाली. पुन्हा तसंच. पुन्हा दोन, पुन्हा तसंच. दर वेळी तिचं "थोडक्यात" आणखी बारीक आवाजात. मला कळेना चुकतंय कोण. त्याचा हात तर घोटून घोटून तयार झालेला. आणि तिला दिसतंय लख्ख.

ओविडनं दोर गुंडाळायला सुरुवात केली. "कुठंतरी माशी शिंकतेय," तो म्हणाला. देवाशप्पथ, मी शिंकलो नव्हतो. "डोळे गेले ते गेले. मला वाटलं होतं, हात आहे. हातही गेला, व्हर्ना. रेमीला सांग, घेऊन जा."

बाईचा धीर सुटला. "हाताचं काय घेऊन बसलास? हात छान आहे! पण मी दोन म्हणते न् तू दहाला टाकतोस! मला वाटलं, तुझं डोकंही… म्हणून गप्प बसले मी!"

"मी दोनलाच टाकलं."

"हे? हे दोन?" तिनं उजवीकडं बोट केलं. त्याला ते दिसलं नाही, म्हणून बांबूनं पाण्यावर चापट मारली. "हे दहा आहेत, म्हाताऱ्या!"

"कुठल्या घड्याळात गं?"

"माझ्या दुकानातल्या!"

दुकानात बाई खुर्चीमागं आरशाकडं तोंड करून उभी राहायची आणि घड्याळ तिच्या पाठीमागच्या भिंतीवर. जन्मभर तिनं वेळ पाहिली ती आरशात. तिचे दोन डावीकडं, दहा उजवीकडं.

ओविड आधी खोकला, मग त्याला हसू आवरेना. होडी डुलायला लागली. "एवढी वर्षं बायकांना वेळेवर घरी कशी पाठवलीस गं?"

"तू हसू नकोस. थांब, आता बरोबर सांगते. डावीकडं म्हणजे… दहा… ना?"

"राहू दे. तू तुझं आरशातलंच सांग. उलटं मी करतो."

खूप वेळ नुसतं पाणी. मग ती कुजबुजली, "दोन."

ओविडनं मला डावीकडं फेकलं. शेपटी वीतभरावर. त्यानं दोर जरा ओढला, थांबला, जरा ओढला. मी गवतातून कमानीच्या जोरावर सरकलो. आणि एकदम अंधार. गरम नाही, गारही नाही, नुसता अंधार. दोर ताठ झाला, आणि बाई इतकी मोठ्यानं ओरडली की अंधारातही मला ऐकू आलं.

मासा होडीशी आला तेव्हा ओविडनं विचारलं, "ठिपका आहे?" ठिपका हाताला लागत नाही. बाईनं गुडघे टेकले, त्याचं बोट धरलं आणि शेपटीवर नेऊन ठेवलं. "हा इथं." बराच वेळ ते बोट तिथंच होतं. मग मासा सोडला. मुका त्या दिवशी माशाला मिळाला नाही.

शनिवारी रेमी आला, गम्बो नावाचं तिकडचं दाट कालवण पोटभर खाल्लं आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

आता माझे केस झडलेत. कमान वाकली, गवत अडकतं. बाई म्हणते नवी बांधते, तो म्हणतो हीच राहू दे. मी माशी की कोळंबी, अजून कळत नाही. तुमचं माणूस जवळ उभं राहून वेळ सांगत असेल आणि तुमचा नेम चुकत असेल, तर हाताला दोष देण्याआधी घड्याळ कुठलं ते विचारा. आणि थोडक्यात हुकलं नसेल, तर तसं म्हणू नका. मला तेवढंच समजलं.

बरं, आवरतो. बाई 'दहा' म्हणतेय. म्हणजे उजवीकडं. की डावीकडं? असू दे, हवेत गेल्यावर कळेल.