बाराचा भोंगा

विषय : धोक्याच्या सूचनेसाठी वेगळा आवाज मिळण्याबाबत.
संदर्भ : गेल्या सोमवारी झालेला युद्धसराव.

वरील विषयास अनुसरून मी भोंगा बोलतो आहे. मुक्काम डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीचे छप्पर.

माझी पहिली नोकरी खाणीवर. रोज बाराला सुरुंग उडे. त्याआधी मी ओरडायचो. माझ्या आवाजावर गावच्या बायका पेजेचे मडके उतरवीत. डोंगर मात्र लोहखनिज होऊन नदीतल्या बार्जमधून बंदरावर आणि तिथून परदेशी जाई. घेणारे दोन देश एकमेकांचे जुने वैरी. पण माल एकाच ढिगातला घ्यायला त्यांची हरकत नसे. त्या लोखंडाचे पुढे काय केले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. आता दिसते आहे.

खाण बंद झाली आणि मी इथे आलो. बाराला वाजण्याची सवय गावाने मोडू दिली नाही.

यंदा त्या दोन देशांत एका ओसाड बेटावरून बिनसले. एकाने झेंडा रोवला, दुसऱ्याने युद्धनौका पाठवली, पहिल्याने दोन पाठवल्या. बांधावरून भांडण लागले की दोन्हीकडचे मामा येतात आणि बांध बाजूलाच राहतो, तसे दोघांचे मित्रही आरमार घेऊन पोचले. सगळेच शांततेसाठी आलेले. बेटाजवळच्या सामुद्रधुनीत एक तेलवाहू जहाज अडकले आहे. गावातल्या कमलाक्षीचा मुलगा परेश त्यावर खलाशी आहे.

सोमवारी, वरून आदेश आला म्हणून, मी अकरालाच ओरडलो. कोणी आडोशाला गेले नाही. आज लवकर झाले म्हणत माणसे जेवायला गेली. एकटी कमलाक्षी पंचायतीत धावत आली.

"मधुकरबाब, सुरू झालं काय? परेशाचा फोन लागत नाही."

"सराव तो, कमलाक्षीबाय," कारकून मधुकर म्हणाला.

"मग खरं होईल तेव्हा कसं कळायचं?"

मधुकरने अर्ज लिहायला घेतला. पणजीहून उलट विचारणा आली : सध्याच्या आवाजात नेमका दोष काय? त्याने कळवले : तो ऐकून लोक जेवतात.

लोकहो, मी ओरडेन तेव्हा एकदा तरी मडक्याऐवजी आकाशाकडे बघा.

रोज बाराला गाव पेजेकडे वळते आणि कमलाक्षी फोन घेऊन माझ्याखाली उभी राहते. काल सामुद्रधुनीत पहिले जहाज बुडाले. कोणते, ते अद्याप जाहीर झालेले नाही.

अर्ज प्रलंबित आहे.