माझ्या मानेतली तार

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. मला सीट नाही, म्हणून रस्त्याने जाणारे लोक मला अर्धवट समजतात. मी अर्धवट नाही. मला उभ्याउभ्याच चालवायचे असते, तेही दगडांवरून, ओंडक्यांवरून आणि खाणीतल्या कपारींवरून. आमच्या खेळात वेगाला कोणी विचारत नाही. पाय न टेकता अडथळा पार करायचा. पाय टेकला की दंडाचा गुण लागतो, आणि गाडीच बंद पडली तर केलेले सगळे मुसळ केरात.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तो जन्मापासूनचा आहे. कारखान्यात माझे नटबोल्ट तपासायला ज्याला नेमले होते, त्याने शेजारच्याशी गप्पा मारता मारता माझ्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारला. मला हातसुद्धा लावला नाही. तेव्हापासून शिक्का, शपथ आणि गोड बोलणे या तिन्हींवर माझा भरवसा नाही.

माझ्या पहिल्या मालकाला घरातले सगळे मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणते. खाणीतून परतल्यावर तो आधी मला धुवायचा आणि मग स्वतः आंघोळीला जायचा. साखळी घासायला त्याने एक जुना टूथब्रश ठेवला होता. ती वर्षे माझ्या कौतुकाची होती. मग मामाचा गुडघा धरू लागला आणि त्याने मला भाचा-भाचीच्या हवाली केले. “दोघांत मिळून वापरा,” एवढेच तो म्हणाला. माझ्या मनात शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली.

भाची मोठी. तिला अक्का म्हणत. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे हात हलका आणि नजर बारीक. धाकट्याला टिवल्या म्हणत. तो घरोघरी पार्सले पोचवायचा आणि दिवसभर गाडीवर बसूनही त्याची हौस फिटत नसे. अक्का मला हळू चालवायची, दगडाला वळसा घालताना हँडल पार टोकापर्यंत वळवायची. टिवल्याला वळणे ठाऊकच नव्हती. तो मला उचलून, उडवून, सरळ दगडावर आदळायचा. एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा, असे ठरले होते.

त्या वर्षी आमच्या खेळाच्या क्लबची मोठी स्पर्धा होती आणि एका गाडीवर एकच स्वार उतरू शकत होता. सरावाच्या फेऱ्यांत ज्याला दंडाचे गुण कमी, तो स्पर्धेत जाणार होता. अक्काची ही शेवटची संधी होती, कारण पुढे दवाखाना तिला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवणार होता. तिथे ना खाण होती, ना मी.

अशात एका सकाळी तिला माझा ब्रेकचा दांडा किंचित वाकलेला दिसला. चाके धुतलेली होती, पण मडगार्डच्या आत ओला चिखल होता. आदला दिवस तिचा होता आणि ती दवाखान्यात होती. टिवल्याने डोक्यावर हात ठेवून सांगितले की त्याने मला शिवलेही नाही. शपथेबद्दलचे माझे मत मी वर सांगितलेच आहे.

अक्काने भांडण केले नाही. तिने चोरस्विच बसवला. पुढच्या नंबराच्या पाटीमागे, कुणाला दिसणार नाही असा. तो दाबून ठेवला की माझी ठिणगी प्लगकडे न जाता सांगाड्यात जिरते, मग किक मारून पाय दुखला तरी मी सुरू होत नाही. स्विचची तार तिने माझ्या मानेवरून नेली, म्हणजे जिथे हँडल वळते तिथून. बाकीच्या तारांत मिसळून काळी टेप गुंडाळली आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळली. काम इतके सफाईचे होते की पुढे तेच तिला नडले. टिवल्याच्या दिवशी ती स्विच गुपचूप मोकळा करून ठेवायची.

मग मी बंद पडू लागले. आणि तेही फक्त अक्काच्या हाताखाली. मोठ्या दगडाला डावीकडून वळसा घालायला गेले की माझा श्वास अडकायचा, तिचा पाय टेकायचा, काठावरचा पंच बोटे वर करायचा. हँडल सरळ करून किक मारली की मी पुन्हा शहाण्यासारखी सुरू. टिवल्याने चालवले की काहीच नाही. सांगा, कुणालाही काय वाटेल?

तेच अक्काला वाटले. ती पेट्रोलचा वास घेऊन बघू लागली, त्यात पाणी तर नाही ना म्हणून. प्लगवर तिने नेलपॉलिशचा ठिपका दिला, कुणी फिरवला तर कळावे म्हणून. टिवल्याला तो ठिपका दिसला आणि त्याला वाटले की अक्काच काहीतरी करते आहे. कारण त्याच्याही पोटात एक गोष्ट होती. तिच्या दिवशी तो मला पुन्हा एकदा चोरून न्यायला आला होता आणि मी जागची हलले नव्हते. पण हे सांगायचे तर चोरी कबूल करावी लागली असती. दोघे एका ताटलीतून उचलून खाणारे, आता जेवताना एकमेकांच्या हातांकडे बघत. “त्या गाडीपायी तुम्ही बोलणं टाकाल एक दिवस,” असे त्यांची आई म्हणाली.

खरे सांगते, माझाही संशय टिवल्यावरच होता. आपल्या मानेमागचे आपल्याला कुठे दिसते?

शेवटी दोघे मला फुंकरकाकांकडे घेऊन गेले. काका मेकॅनिक होते, आणि कुठलाही भाग हातात आला की आधी त्यावर फुंकर मारत, म्हणून हे नाव. त्यांचे दुकान इतके चिंचोळे की माझे पुढचे चाक लाकडी खाचेत सरळ अडकवूनच मला उभे करावे लागे. काकांनी प्लग काढला, इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी निळी, ठसठशीत. त्यांनी मीटर लावून ठिणगी तयार करणारी कॉइल तपासली. तापल्यावर दगा देत असेल म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून कॉइलवर गरम हवा सोडली. कॉइल निर्दोष. प्लगची टोपी बदलली, कार्ब्युरेटर साफ केला. दोष सापडेना.

वेगळं काही केलंय का गाडीला, असे काकांनी दोघांना विचारले. अक्का भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिली. टिवल्या आपल्या बुटांकडे. वैद्यापासून काही लपवू नये म्हणतात, पण ते ऐकतो कोण?

सरावाची शेवटची फेरी झाली. मी तिच्या पायाखाली पुन्हा तशीच बंद पडले. गुणांची बेरीज झाली आणि स्पर्धेची जागा टिवल्याला मिळाली.  अक्काने हेल्मेट काढले, ते कितीतरी वेळ पुसत राहिली आणि मग मला काकांच्या दारात सोडून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघेही मला न्यायला आले. काकांनी मला सुरू केले, खाचेतून काढले आणि दुकानातल्या दुकानात वळवू लागले. जागा नव्हती, म्हणून हँडल पार डावीकडे घ्यावे लागले. मी गपकन बंद पडले. काकांनी हँडल सरळ करून किक मारली, मी सुरू झाले. डावीकडे वळवले, बंद. पुन्हा सरळ, पुन्हा सुरू.

“हिची मान वळवली की जीव जातो,” काका म्हणाले.

त्यांनी टेप उकलली. आवळलेल्या पट्टीपाशी एका पिवळ्या तारेचे आवरण सांगाड्याच्या कडेला घासून गेले होते. आत तांबे चमकत होते. हँडल सरळ असले की तार सैल, डावीकडे वळले की ती ताणली जाऊन सांगाड्याला टेकायची आणि माझी ठिणगी तिथेच जिरायची.

“ही तार कंपनीची नाही,” काका म्हणाले. “कोणी टाकली?”

अक्काने उघड्या तांब्याला बोट लावून पाहिले.

“मी,” अक्का म्हणाली. “हा चोरून नेतो म्हणून.”

टिवल्याने मान खाली घातली. “नेली होती मी. दांडा माझ्याच हातून वाकला. परत न्यायला आलो, तर सुरूच झाली नाही.”

काकांनी तारेवर फुंकर मारली आणि चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

टिवल्याने क्लबकडे जाऊन फेरी पुन्हा घ्या म्हणून विनवले. क्लबने ऐकले नाही. अक्काची संधी गेली ती गेलीच, आणि मला त्याचे आजही वाईट वाटते.

आमच्या खेळात अवघड दगडाखाली एक माणूस उभा राहतो. स्वार घसरलाच तर गाडी झेलायची, हे त्याचे काम. टिवल्याने त्यासाठी मित्राला सांगून ठेवले होते. स्पर्धेच्या सकाळी तो अक्काजवळ आला.

“खाली तू उभी राहा.”

“माझ्यावर भरवसा आहे?”

“आता सगळं माहीत आहे ना एकमेकांचं.”

मी मात्र धास्तावले होते. जिची जागा गेली, ती हात पुढे करील का? शेवटच्या उंच दगडावर माझे मागचे चाक निसटले आणि मी उलटी कोसळू लागले. मी खाली बघायच्या आत अक्काचे दोन्ही हात माझ्या सांगाड्याखाली होते. तिचे मनगट सुजले, पण तिने मला सोडले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या संशयाची लाज वाटली.

मित्रांनो, आता अक्का दुसऱ्या गावी असते. सुट्टीत आली की टिवल्या मला धुऊन, पुसून तयार ठेवतो. तुमच्या घरच्या यंत्रात तार टाकाल, तेव्हा मान वळते तिथे ती थोडी सैल ठेवा, आणि ती कुठून नेली ते घरच्यांना सांगा. माझी पिवळी तार काकांनी नवी, सैल बांधून दिली आहे. चोरस्विच अजून पाटीमागेच आहे, कारण जगात चोर कमी नाहीत. फक्त त्याची जागा आता दोघांनाही माहीत आहे.