माल नसलेला निळा

मी एक जुना दगडी खल आहे. मित्रांनो, खल म्हणजे कुटायचे जाड भांडे. माझ्यात वस्तू टाकायची आणि बत्त्याने तिचा भुगा करायचा, एवढेच माझे आयुष्य. माझा काठ एका बाजूने उडाला आहे, बूड झिजून खोल गेले आहे, आणि खरे सांगायचे तर मला आता सगळ्याचाच कंटाळा आला आहे. गोष्ट सांगण्याचाही. पण ही एक गोष्ट फार वर्षे माझ्या पोटात आहे, ती एकदा सांगून मोकळा होतो.

एका पाथरवटाने मला अखंड काळ्या दगडातून घडवले. कितीतरी दिवस तो छिन्नीने मला टोचत होता. तेव्हा वाटले होते की एकदाचे हे संपले की आराम मिळेल. कसला आराम! तिथून मी थेट एका रंगाच्या कारखान्यात आलो. कारखाना म्हणायचे आपले, खोली एकच. दोन खिडक्या, एक स्टोव्ह, भिंतीला टेकलेले डबे, आणि तारेवर वाळत टांगलेल्या रंगवलेल्या पट्ट्या. इथे पाट्यांसाठी रंग बनत. मालकाला सगळे रंगमास्तर म्हणत. माणूस काटक, हट्टी, आणि त्याच्या नखांत कायम कालचा रंग. त्याची धाकटी बहीण समोरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे काम करी आणि रोज दुपारी डबा घेऊन इकडे जेवायला येई. आईवडील गेल्यापासून दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हते.

मास्तरांचा एक शब्द होता: माल. रंगाला ते रंग म्हणतच नसत. पान दिसो, मूळ दिसो, दगड दिसो, हातात घेऊन पहिला प्रश्न हाच, "ह्यात माल किती निघेल?" आणि उत्तर शोधायची जागा म्हणजे मी. टाक खलात, कूट, पाण्यात कालव, पट्टीवर ओढ. मी झेंडूच्या पाकळ्या कुटल्या, गेरूचे खडे कुटले, कोळसा कुटला, डाळिंबाची साल कुटली. अंग दुखून येई, पण त्या वर्षांत माझी ऐट काही औरच होती. येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर मला दाखवत आणि म्हणत, "हा आहे म्हणून मी आहे."

मास्तरांची नजर मात्र चांगली होती, ते मान्य करायला हवे. एकदा त्यांना गांधीलमाशी डसली. मनगट पुरीसारखे टम्म फुगले. बहीण त्यावर बर्फ धरून बसली होती आणि हे महाशय विचारात.

"अगं, तिच्या अंगावर पाटीच लावलेली होती. पिवळा, काळा, पिवळा, काळा. मीच वाचली नाही."

"बरं झालं. आता तरी चष्मा लाव म्हणते मी," बहीण म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या गिरणीच्या अंधाऱ्या जिन्यावर पायऱ्यांच्या कडा पिवळ्या-काळ्या रंगवून दिल्या. तिथे पडण्याचे प्रकार कमी झाले. माळ्याच्या कात्र्या गवतात हरवत, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या मुठी लालभडक केल्या. पाखरांना हिरव्या पानांत फळ सापडते ते लाल असते म्हणून, असे त्यांचे म्हणणे. त्या रंगांसाठी रात्रंदिवस कुटत कोण होते? जाऊ द्या.

मग ते दवाखान्याचे काम आले. मोठ्या दवाखान्याच्या आवारात वाट दाखवणारे निळे बाण होते. उन्हाने ते वर्षभरात पांढुरके पडत आणि म्हातारी माणसे एक्स-रेच्या खोलीऐवजी धोबीखान्यात पोचत. न उडणारा निळा हवा होता. मास्तरांनी सहा महिने नाना खटपटी केल्या. जो निळा करावा तो खिडकीत ठेवला की फिका पडे. ते चिडले, जेवण सोडले, आणि राग सगळा माझ्यावर, म्हणजे बत्त्याने.

बहिणीकडे एक काचेची पेटी होती. तिच्यात एक मोठे निळे फुलपाखरू होते. ते दोघांच्या वडिलांना खिडकीच्या चौकटीत मरून पडलेले सापडले होते, आणि जाण्याआधी त्यांनी ते हिला दिले होते. तीस वर्षे ती पेटी उजेडात होती, पण निळा जसाच्या तसा. एका दुपारी मास्तर तिच्या घरून परतले तेव्हा त्यांच्या रुमालात एक पंख होता. तिला विचारलेले नव्हते. त्यांनी तो माझ्यात ठेवला. मित्रांनो, मी आयुष्यात इतकी हलकी वस्तू कधी झेलली नव्हती.

बत्ता पडला. एकदा, दोनदा. निळा गेला. मास्तरांना वाटले आत दडला असेल, म्हणून त्यांनी आणखी कुटले. शेवटी माझ्या बुडाशी चिमूटभर तपकिरी भुकटी उरली. मास्तर मला खिडकीशी नेऊन वाकडेतिकडे करून बघत राहिले. मग भुकटी पुसून टाकली आणि डोके धरून बसले.

बहीण दुसऱ्या दिवशी रडतच आली. "दादा, बाबांच्या फुलपाखराचा एक पंखच नाहीये रे!"

खरे सांगायला तेवढा एक क्षण होता. मास्तर म्हणाले, "कसर लागली असेल."

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "डांबरगोळी ठेवायची राहिली."

मला त्या दिवशी फुटून जावेसे वाटले. तेव्हापासून सात वर्षे ती दर महिन्याला त्या पेटीत नवी डांबरगोळी ठेवत होती. दर वेळी जेवताना सांगायची, "आज बदलली हं." आणि मास्तर खाली मान घालून घास चावायचे. बाण दर वर्षी नव्याने रंगवले जात. आमचे काम रोडावले. बाजारात तयार पूड मिळू लागली, मला कोणी दाखवेना की विचारेना. पण मला ती उपेक्षा फारशी लागली नाही. मला तो खोटेपणा जड झाला होता.

एके दुपारी बहीण डबा न घेता, पेटी घेऊन धावत आली.

"दादा, ह्यात निळा नाहीच आहे!"

"म्हणजे? उडाला?"

"उडाला नाही, कधी नव्हताच. ऐक. आमच्या दुकानात नव्या काचा आल्यात, तिरक्या धरल्या की जांभळ्या चमकतात. मी दुकानवाल्या काकांना विचारलं, रंग कुठला लावलाय? म्हणाले, रंग नाही, पारदर्शक पदार्थाचे पातळ थर आहेत. आणि आज पेटी आतून पुसताना पंखावर स्पिरिटचा थेंब पडला. पंख हिरवा झाला! दोन मिनिटांत वाळला आणि परत निळा. कळतंय का तुला? ह्यात माल नाहीच. काका म्हणाले, बारीक खवले आहेत, त्यांच्यावर सारख्या अंतरावर थर आहेत; स्पिरिट त्या फटींत शिरलं म्हणून हिरवा दिसला. उजेड त्यांच्यावरून निळा होऊन परततो."

मास्तरांनी पेटी उजेडात धरली. मग त्यांनी विचारले, "आणि कुटलं तर?"

"कुटलं तर थर मोडतील. तपकिरी भुकटी उरेल नुसती." ती हसली. "पण असं कोण कुटेल?"

"मी," मास्तर म्हणाले.

तिचे हसू कसे मावळले ते मला बघवले नाही.

"सात वर्षं मी गोळ्या ठेवतेय, दादा."

"हो."

"तू बघत होतास."

"बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगू."

ती ओरडली नाही. तिने माझ्यातला बत्ता उचलला, आपल्या पिशवीत टाकला, पेटी छातीशी धरली आणि निघून गेली. दोन दिवस ती जेवायला आली नाही. मास्तरांनी दोन्ही दिवस दोन ताटल्या मांडल्या आणि दोन्ही तशाच उचलल्या.

तिसऱ्या दिवशी ती आली. पेटी टेबलावर ठेवली. डोळे सुजलेले होते.

"हा बाबांचा पंख. ह्याच्याकडे बघायचं. हात लावायचा झाला तर आधी मला विचारायचं."

"विचारीन."

"पुन्हा सांग."

"विचारीन गं, चिमणे."

पुढची चार वर्षे दोघांनी चष्म्याच्या दुकानात नव्याने आलेल्या, थर चढवायच्या यंत्रावर काचेच्या तुकड्यांवर थर चढवले. शेकडो तुकडे वाया गेले. कधी करडा, कधी मळका हिरवा. शेवटी तळहाताएवढा एक बाण जमला. त्यात निळ्या रंगाचा एक कणही नाही, तरी तो निळा आहे. दवाखान्याच्या दारापाशी भर उन्हात लावला आहे आणि अजून तरी फिकटलेला नाही. भावा-बहिणीचे सगळे पूर्वीसारखे झाले असे मात्र मी म्हणणार नाही. मास्तर काही सांगू लागले की ती आजही क्षणभर त्यांच्या तोंडाकडे निरखून बघते, आणि मग विश्वास ठेवते.

बत्ता तिने परत दिला नाही. मी खिडकीखाली रिकामा पडून असतो, आणि या रिकामेपणाचे मला मुळीच वाईट वाटत नाही. आता फार थकलो आहे, मित्रांनो, म्हणून एवढेच मागतो. कोणाची जिवापाड जपलेली वस्तू हातात आली, तर ती फोडून बघण्याआधी नीट निरखून बघा आणि तिच्या धन्याला विचारा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. मी पडलो दगड, मला सात वर्षे बोलता आले नाही. तुम्हाला बोलता येते.