गोरखचिंचांचं गोत

माझं लग्न एका झाडानं मोडत आणलं होतं. झाडानं म्हणजे माझ्या मामानं, पण दोघांच्या डोक्यात फारसा फरक नाही.

आई गेल्यावर मला मामा-मामींनीच वाढवलं. आमच्याकडे मुलगी कुठे द्यायची ते मामा ठरवतो. आधी दोन्ही घरांनी चटईवर बसून आपापले पूर्वज मोजायचे. एक जरी सामाईक निघाला, तर झालं रक्ताचं नातं! मग पाऊस अडतो, गुरं मरतात, कूस उजवत नाही, आणि सगळ्याचं खापर बाईवर. उपाय एकच. मुलीच्या मामानं बैल कापायचा, त्याच्या रक्ताचे शिंतोडे जोडप्यावर उडवायचे आणि पूर्वजांसमोर मोठ्यानं चूक कबूल करायची. पण आमचा मामा जीव देईल, बैल देणार नाही.

मला मागणी घालणारा लाहिनीरिक किनाऱ्यावरचा, मासे मारणारा. आम्ही आतले, मका आणि बैलवाले. पूर्वज मोजून झाले, एकही जुळला नाही. मामाचं तोंड उतरलं. त्याला हा मुलगा मुळातच नको होता. म्हणायचा, "अंगाला मासळीचा वास येतो." स्वतःच्या अंगाला गोठ्याचा येतो, त्याचं काही नाही.

नेमकी त्या दिवशी फानीरी आलेली. ती शहरातल्या विद्यापीठातली. कुठली गोरखचिंच कुणाच्या नात्यातली हे ती पानांवरून शोधते. आमच्या गावाबाहेर एक उंच गोरखचिंच आहे. आमचे मेलेले तिच्यात राहतात, आम्ही त्यांना रम पाजतो. लाहिनीरिकच्या लोकांची किनाऱ्यावर आहे, बाटलीसारखी बुटकी. त्यांचे मेलेले तिच्यात. फानीरीनं दोन्हींची पानं मागेच नेली होती. चटईच्या कडेला बसल्या बसल्या, कुणी विचारलं नसताना, बाई बोलून गेली, "मामा, तुमची दोन्ही झाडं म्हणजे बहिणी हो! एकाच आईच्या!"

मामा ताडकन उठला. "ऐकलंत? बहिणी! आणि पूर्वज त्यांच्या पोटात! म्हणजे ही दोघं मावसभावंडं. मोडलं लग्न!"

"अहो, मी झाडांचं सांगतेय!" फानीरी गडबडली. "आणि ती आई लाखो वर्षांपूर्वीची!"

"रक्त काय शिळं होतं होय?"

"मग बैल काप आणि मिटव," लाहिनीरिकचा बाप म्हणाला.

"माझे बैल तुमच्यासाठी नाहीत वाढवले."

लाहिनीरिकचा बाप बिचारा अंगावरचं फडकं सावरत उठला. लाहिनीरिक माझ्याकडे बघेना. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की माझं डोकं फिरतं.

मी फानीरीचा दंड धरला. "बाई, आग तू लावलीस, आता तूच सांग. यांच्या आणखी बहिणी कुठे आहेत?"

"सगळीकडे. या बेटावरच्या सगळ्या गोरखचिंचा एकाच गोतातल्या. काही फळं समुद्रात वाहत आफ्रिकेला लागली असावीत, काही पार ऑस्ट्रेलियाला. तिकडची झाडंही यांच्याच नात्यातली."

"आणि उत्तरेकडची? ती जाड, गुळगुळीत बुंध्याची?"

"तीसुद्धा."

मामी चुलीपाशी कसाव्याचे कंद सोलत होती. मामी उत्तरेकडची. तिच्या माहेरचे मेलेले त्या जाड गोरखचिंचेत राहतात. तिनं सुरी खाली ठेवली.

"काय हो," ती म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं भावाशी संसार केला?"

कुणीतरी फिसकन हसलं. मामाची बोबडी वळली. "तुझं झाड... तुझं लांबचं आहे गं."

"रक्त शिळं होत नाही म्हणालात ना आत्ताच? तरीच आपल्याला मूल झालं नाही! सगळा गाव मला वांझ म्हणाला, आणि तुम्ही खाली मान घालून मका खात बसलात. माझा दोष नव्हताच तर! चला, मी निघाले माहेरी."

आता कुणी हसलं नाही. मामी खरंच उठली आणि आपली चटई गुंडाळायला लागली. मामा तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"ही किनाऱ्यावर, तू उत्तरेला," तो पुटपुटला. "मग मी भांडू कुणाशी?"

हे आधी बोलला असता तर? पण नाही, मासळीचा वास म्हणे!

तो गोठ्यात गेला आणि आपला लाडका तांबडा बैल सोडून घेऊन आला. दुसरा आणला असता तरी चाललं असतं, पण त्यानं तोच आणला.

आमच्या गोरखचिंचेखाली एका बैलात दोन जोडप्यांचं भागलं. लाहिनीरिक आणि मी, शेजारी मामा-मामी, चौघांवर शिंतोडे उडाले. चूक मामानंच सांगायची होती. तो बुंध्याकडे तोंड करून दबक्या आवाजात म्हणाला, "आजोबांनो, हिच्यात काही खोट नव्हती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं."

मामी पदर तोंडाला लावून रडत होती. तिनं पदर काढला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "गाव मागे उभा आहे."