तेराव्याची ओवी

आश्विनाच्या उतरत्या उन्हात डोंगर जांभळे झाले होते. सात वर्षं मुकाट राहिलेली कारवी यंदा कड्याकड्यावर, उताराउतारावर फुलली होती. आणि खाली, बुडालेल्या गावांवर पसरलेलं धरणाचं पाणी, निश्चल, निःशब्द, तो सगळा जांभळा रंग अंगावर घेऊन पडलं होतं. पाण्याच्या अल्याड रेडिओ होता. पल्याड तो ऐकणारी माणसं होती. मध्ये ये-जा करायला एकच लाँच.

रेडिओ म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. त्या गोधड्यांच्या उबदार अंधारात बसून कुंदा मोरे नऊ वर्षं खोऱ्याशी बोलत होती. पावसाचं, लशींचं, हरवलेल्या म्हशींचं. आणि मरणाचंही.

खोऱ्यातलं कुणी गेलं, की तेराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्याचा स्वतःचा, जितेपणी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज रेडिओवर लागायचा. पुरुषाचा अभंग, बाईची ओवी. त्या वेळी घराघरातली दळणाची जाती थांबत, लाँच भर पाण्यात इंजिन बंद करी. तो आवाज ऐकून झाला, की माणूस खरं निरोप घेऊन गेलं असं लोक मानत.

गेलेल्यांचे हे आवाज कॉम्प्युटरमध्ये एका जागी ठेवलेले असत. त्या जागेला सगळे पेटी म्हणत. जित्या माणसाचा आवाज पेटीत टाकायचा नाही, हा कुणीही न लिहिलेला नियम होता. आषाढात उंबरवाडीच्या गऊबाईची ओवी कुंदानं घेतली, तेव्हा ती पीठभरल्या हातांनी हसली होती.

"मला एवढ्यात पेटीत घालू नगंस गं बाय."

कुंदानं घातलं नाही. ओवी छोट्या रेकॉर्डरमध्येच राहिली. श्रावणात पाणी चढलं, धरणाच्या सूचनांवर सूचना आल्या, रेकॉर्डर भरला. आणि ओल्या घाईत, रिकाम्या डोक्यानं, कुंदानं तो पुसला. भाद्रपद सरता सरता गऊबाई गेली. मायेनं पाळलेल्या नियमानंच घात केला होता, आणि बोल लावायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं.

पल्याड गऊबाईचा नवरा एकटा उरला. रावजीतात्या, उभा जन्म कड्यांवरच्या पोळ्यांतला मध काढलेला, आता डोळ्यांनी अधू झालेला. मूलबाळ नव्हतं. बारा दिवस शेजारून ताट येत होतं. तात्याची चूल गार होती.

तेराव्याच्या सकाळी शिवराम लाँचवाला निरोप घेऊन वर आला.

"कुंदाताय, तात्या म्हनलं, आज तिला नीट लाव. खरखर नगं. दुसरं काय मागनं न्हाई माजं."

कुंदानं नुसती मान हलवली. शिवराम उतार उतरून गेला, आणि तिला रडू कोसळलं.

ती ओवी तिला पाठ होती. गोधड्यांच्या आड बसून दोन ओळी तिनं दबक्या, गऊबाईसारख्या आवाजात म्हणून पाहिल्या. पल्याडच्या जुन्या रेडिओच्या खरखरीत कुणाला कळलं असतं? तिसऱ्या ओळीला तिची तिलाच लाज वाटली. एकट्या माणसाला फसवायचं, तेही त्याच्या बायकोच्या नावानं. हे तिच्यानं होणार नव्हतं.

मग तिनं कातरण उघडली. कार्यक्रम नीटनेटके करताना कापून टाकलेले खोकले, कोंबड्या, अडखळलेले शब्द असे कॉम्प्युटरच्या त्या कोपऱ्यात पडून असत. तात्याची मधावरची मुलाखत तिनं दोन वर्षांपूर्वी घेतली होती. मध्येच कुणीतरी बोललं म्हणून तेवढा तुकडा तेव्हा कापला होता. दुपार कलली, ऊन पिवळं झालं, आणि तो तुकडा सापडला.

पाच वाजले. पल्याड जाती थांबली. खाली भर पाण्यात लाँचचं इंजिन बंद झालं. निळं पाणी ऐकत होतं, जांभळे डोंगर ऐकत होते. कुंदानं माईक जवळ ओढला.

"रावजीतात्या, मी कुंदा. गऊकाकूंची ओवी माझ्या हातनं पुसली गेली. चूक माझी हाय, बाकी कुणाची न्हाई. काकूंचा एवढाच आवाज माझ्यापाशी उरलाय."

आधी तात्याचाच आवाज आला, कारवीच्या मधाचं कौतुक सांगणारा. आणि त्याला मध्येच तोडत, आतल्या खोलीतून, चुलीपाशी बसलेल्या बाईचा लटक्या रागाचा, ठसठशीत, जिताजागता आवाज:

"अवो, मधाचं किती सांगाल? च्या निवतोय. या की आत."

तेवढंच. ओवीला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ तिनं माईक तसाच उघडा ठेवला. खोऱ्यानं ती शांतता शेवटपर्यंत ऐकली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचची वेळ झाली, तेव्हा कुंदा स्वतःच धक्क्यावर जाऊन उभी राहिली. शिव्या खायची तिची तयारी होती. शिवरामनं दोर बांधला, टोपी काढली.

"सांग," ती म्हणाली. "काय म्हनलं तात्या?"

"तुला काय न्हाई म्हनलं. रेडिओ ऐकत वसरीवर बसलं हुतं. तिचा आवाज आला, तसं काठीबी न घेता उठलं. 'आलो,' म्हनलं, आन् आत गेलं. शेजारनी मागनं बगाय गेल्या, तर चूल पेटवून च्या ठेवत हुतं."

कुंदानं पाण्यापलीकडे पाहिलं. उंबरवाडीच्या शेवटच्या घरावर, जांभळ्या डोंगराच्या पायथ्याशी, बारीक धूर निघाला होता. तो कौलांवर रेंगाळला, कारवीवरून वर चढला. आणि खाली निळ्या पाण्यात, हळू, हळू, त्याचं पांढरं प्रतिबिंब अल्याडच्या काठाकडे येत राहिलं.